सोनोग्राफीचा कागद आणि आपण
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





पालक मेळाव्यात शिक्षकाने मुलांच्या हजेरीविषयी, अभ्यासाविषयी आणि फार तर मोबाईलच्या वेडाविषयी बोलावे, असा रिवाज आहे. मी आज गरोदरपणातील सोनोग्राफीविषयी बोलणार आहे हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेल्या, ते मला येथून दिसले. विषय संकोचाचा आहे हे मी जाणतो. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा मास्तर आहे, हेही आरंभीच सांगून टाकतो. परंतु नेमक्या याच कारणामुळे हा विषय माझ्यापर्यंत चालत आला. सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत येतो. घरात इंग्रजी वाचणारे कोण? तर आठवीत नाही तर दहावीत शिकणारे पोर. ते पोर कागद दप्तरात घालून शाळेत आणते आणि मधल्या सुट्टीत हळूच विचारते, “सर, एवढे वाचून सांगता का?”

दोन वर्षांपूर्वी दहावीतील एका मुलीने असाच कागद आणला. कागद तिच्या भाभीचा होता. त्यात बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५२ लिहिले होते आणि वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूस आहे असे म्हटले होते. या दोन गोष्टींवरून शेजारच्या एका बाईने निकाल देऊन टाकला होता की, मुलगी आहे. ठोके एकशेचाळीसच्या वर गेले की मुलगी आणि वार पुढे असली की मुलगी, असा तिचा हिशेब. झाले! दादीने सुनेशी बोलणे टाकले होते. ती पोर मला विचारीत होती, “सर, खरंच असं लिहिलंय का यात?” मी तिला म्हटले, “बेटा, असे यात कोठेही लिहिलेले नाही आणि लिहिता येतच नाही.” नंतर केजमधील एका डॉक्टरांना विचारून मी खात्री करून घेतली. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असणे हे सर्वसाधारण आहे, मग तो मुलगा असो वा मुलगी. नवव्या आठवड्याच्या सुमारास तर ते १७० च्या आसपासही असतात आणि पुढे उतरतात. वार पुढे असावी की मागे, हे ती कोठे रुजली यावर अवलंबून असते. बाळ मुलगा की मुलगी याच्याशी त्याचा संबंध नाही.

मला त्या दिवशी वाटले की, आपल्याकडे यंत्र आले, कागद आला, पण त्या कागदाचा अर्थ सांगणारा माणूस अजून गल्लीतलाच आहे. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. हा कागद काही ठराविक प्रश्नांचीच उत्तरे देतो. ती उत्तरे ज्याला कळतात त्यालाच, आणि वेळेवर, विचारली पाहिजेत.

हे यंत्र आहे तरी काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. आपल्या कानाला साधारणतः सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरविली जाणारी ती लहानशी मूठ सेकंदाला वीस लाख ते पन्नास लाख कंपनांचा आवाज आत सोडते. शरीराच्या मऊ भागांतून हा आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, वाटेत हाड, पाणी, मांस यांच्या सीमेवर आपटून परत येतो आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून पडद्यावर चित्र तयार होते. विहिरीत हाक मारली की घुमून परत येते, तसेच हे. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. गरोदर बाईचा एक्स-रे काढण्याची पद्धत एकेकाळी होती. इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट या डॉक्टर बाईंनी १९५८ मध्ये दाखवून दिले की, पोटात असताना एक्स-रेचे किरण लागलेल्या मुलांत पुढे कॅन्सरचे प्रमाण अधिक आढळते. त्याच वर्षी, जून महिन्यात, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजाच्या साहाय्याने पोटातील गाठी व गर्भ पाहण्यासंबंधीचा आपला लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. गंमत अशी की, हे तंत्र दवाखान्यातून आलेले नाही. लोखंडाच्या कामात आत कोठे चीर आहे काय ते पाहण्याकरिता कारखान्यात असे यंत्र वापरीत. डोनाल्डसाहेब १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून तशा एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तेथे त्यांनी पहिला प्रयोग केला. त्यांच्या एका रुग्ण बाईला पोटाचा असाध्य कॅन्सर आहे असे ठरले होते. यंत्राने दाखविले की ती पाण्याने भरलेली गाठ आहे. ती काढली आणि बाई बरी झाली. तेव्हा या यंत्राच्या जन्मातच दोन गोष्टी आहेत. त्याने माणसे वाचविली, आणि पाहणाऱ्याच्या समजेवाचून ते मुके आहे.

आता कागदाकडे वळू. रिपोर्टच्या वरच्या भागात बहुधा असे म्हटलेले असते की, गर्भाशयात एक जिवंत गर्भ आहे. ‘सेफॅलिक’ म्हणजे डोके खाली, ‘ब्रीच’ म्हणजे आपण ज्याला पायाळू म्हणतो ते. पाचव्या महिन्यात पायाळू लिहिलेले पाहून रडारड करण्याचे काहीच कारण नाही. बाळाला फिरावयास तेव्हा भरपूर जागा असते आणि बहुतेक बाळे शेवटच्या महिन्यांत आपसूक फिरतात. बी.पी.डी. म्हणजे डोक्याची रुंदी, ए.सी. म्हणजे पोटाचा घेर, एफ.एल. म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. या मापांवरून यंत्र वजनाचा अंदाज काढते. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्यात शंभराला दहा-पंधरा इकडेतिकडे होते. अडीच किलो सांगितलेले बाळ सव्वादोन किंवा पावणेतीन किलोचे निघाले तर डॉक्टर खोटे बोलले असे समजू नये. ए.एफ.आय. हे गर्भाभोवतीच्या पाण्याचे माप. ते सेंटिमीटरमध्ये असते आणि साधारणपणे ५ ते २५ यांच्या दरम्यान असावे लागते. ‘पाणी कमी झाले’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर घबराट उडवून देते. अशा वेळी आकडा किती, मागच्या वेळी किती होता आणि कितवा आठवडा आहे, या तीन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात.

वार खाली आहे, असेही पुष्कळदा लिहून येते. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार गर्भाशय वाढते तशी बहुतेक जणींच्या बाबतीत वर सरकते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहावयास सांगतात. ते पुन्हा पाहणे चुकवू नये. मधल्या काळात रक्त गेले, मग ते थोडे असो वा विनावेदना असो, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. येथे दादी-नानींच्या काढ्याचा उपयोग नाही. त्यांचा मान राखून मी हे म्हणतो.

सर्वांत जास्त गोंधळ तारखेचा होतो. तीन सोनोग्राफी झाल्या आणि तिन्हींत बाळंतपणाची तारीख वेगळी आली, म्हणजे यंत्र बिघडलेले आहे, असे एक पालक मला म्हणाले. यंत्र बिघडलेले नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळजवळ सारख्या मापाने वाढतात, त्यामुळे तेव्हा काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर असते. पुढे प्रत्येक बाळाची वाढ वेगळी. कोणी आईवर जाते, कोणी बापावर. शेवटच्या तीन महिन्यांत मापावरून काढलेली तारीख दोन-तीन आठवडे मागेपुढे असू शकते. म्हणून पहिल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीखच शेवटपर्यंत धरावयाची असते. नंतरच्या कागदावर तारीख पुढे गेलेली दिसली, तर त्याचा अर्थ दिवस लांबले असा नसून कधीकधी बाळाची वाढ कमी पडते आहे असा असतो, आणि तो डॉक्टरांनीच सांगावयाचा असतो. याचसाठी पहिला कागद जपून ठेवावा. आपल्याकडे नेमका पहिलाच कागद हरवतो.

येथे एक गोष्ट आपल्या घरांपुरती सांगतो. आपल्या माता-भगिनी पाळीची तारीख पुष्कळदा चांदाच्या महिन्यावरून लक्षात ठेवतात. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, किंवा मोहरमची दहावी झाली त्या आठवड्यात, अशी. लक्षात ठेवण्याची ही रीत उत्तम आहे, कारण ती चुकत नाही. परंतु पुढचे महिने चांदाच्याच हिशेबाने मोजले तर गणित बिघडते. चांदाचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. नऊ महिन्यांत इंग्रजी कॅलेंडरपेक्षा आठेक दिवस कमी भरतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, मोजतात. तेव्हा ईदचा दिवस कॅलेंडरवर शोधून त्या दिवशीची इंग्रजी तारीख डॉक्टरांना सांगावी. हे काम तर सातवीचा विद्यार्थीही करू शकेल.

आता वेळेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शिफारस केली की, प्रत्येक गरोदर स्त्रीची चोविसाव्या आठवड्यापूर्वी निदान एक सोनोग्राफी व्हावी. आपल्याकडील तज्ज्ञ बहुधा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान एक, अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाचे अवयव तपासणारी एक, आणि पुढे गरजेप्रमाणे वाढ पाहणारी एक, असे सांगतात. दर महिन्याला करण्याची गरज नसते, आणि एकही न करणे हे शहाणपण नव्हे. यांतील मधली तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तीत बाळाचे डोके, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडे, हातपाय असे एकेक पाहिले जाते. काही आढळले तर पुढे काय करावयाचे याला वेळ मिळतो. हृदयाचा दोष आधी समजला तर बाळंतपण कोठे करावयाचे हे ठरविता येते. लहान दवाखान्यात जन्म झाल्यावर रात्री गाडी शोधीत फिरण्यापेक्षा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर आधीच गाठणे बरे नाही काय? फार गंभीर दोष असेल तर कायद्याचाही प्रश्न येतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. पुढे चोविसाव्या आठवड्यापर्यंत ठराविक स्त्रियांच्या बाबतीत दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर केवळ गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. काय करावे हे मी येथे सांगत नाही. तो त्या कुटुंबाचा प्रश्न आहे, कोणाला आपल्या उलेमांनाही विचारावयाचे असेल. पण विचारावयास, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयास आणि रडून मोकळे व्हावयासही दिवस लागतात. सातव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी केली की ते दिवस संपलेले असतात.

आणि आपल्या जिल्ह्यात हे दिवस कोठे जातात, ते आपण सारे जाणतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बायको मागे राहू शकत नाही. शेवटची पाळी ऑगस्टअखेर आली असेल तर अठरावा ते विसावा आठवडा बरोबर जानेवारीत येतो. तेव्हा ती बाई कोठल्यातरी कारखान्याच्या परिसरात कोपीत राहून मोळ्या वाहत असते. मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा सातवा-आठवा महिना. अशा बहिणींसाठी एवढे करावे. निघण्यापूर्वी आशाताईंकडे नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे, पहिली सोनोग्राफी येथेच करावी आणि कार्ड व कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ती केजला होते तशी कारखान्याच्या गावाजवळच्या सरकारी केंद्रातही होते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीला तपासण्या मोफत आहेत आणि त्यांत सोनोग्राफीही येते. आपल्या हक्काची गोष्ट मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

यंत्र एकच असले तरी पाहणारा महत्त्वाचा, असे मी मघाशी म्हटले. याचा फार बोलका पुरावा फिनलंडमधून आलेला आहे. हेलसिंकी येथे नऊ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांवर केलेला एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच शहरातील दोन रुग्णालये. एका रुग्णालयात बाळांमधील गंभीर व्यंगांपैकी सुमारे ७७ टक्के सोनोग्राफीत ओळखली गेली, दुसऱ्यात ३६ टक्के. शहर तेच, तपासणीही तीच, फरक हातांचा आणि सरावाचा. म्हणून ‘सोनोग्राफीत सगळे नॉर्मल आले होते, मग असे कसे झाले?’ असे म्हणून डॉक्टरांच्या अंगावर धावून जाण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की, उत्तम हातांनाही सर्व काही दिसत नाही. बाळ उलटे वळून बसलेले असते, आईचे पोट जाड असते, काही दोष उशिरा प्रकट होतात. चांगला डॉक्टर ‘हा भाग नीट दिसला नाही’ असे कागदावर लिहितो. ते वाचून त्याला कमी लेखू नये. उलट असे लिहिणाऱ्यावर माझा विश्वास अधिक बसतो. तपासणी झाल्यावर विचारावे, “डॉक्टरसाहेब, कोणकोणते अवयव पाहिले? कोणता दिसला नाही? पुन्हा यावे लागेल काय?” हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

डॉक्टरांनी तरी विश्वसनीय माहिती कोठून घ्यावयाची? येथे बसलेल्यांपैकी काही विद्यार्थी उद्या डॉक्टर होतील, त्यांच्यासाठी सांगतो. प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीची एक आंतरराष्ट्रीय संस्था लंडनमध्ये आहे, तिला ‘आयसुऑग’ म्हणतात. पाचव्या महिन्याच्या तपासणीत डोक्यापासून पायापर्यंत कोणकोणती चित्रे मिळालीच पाहिजेत, याचे नियम तिने छापलेले आहेत आणि २०२२ मध्ये ते पुन्हा सुधारून घेतले. ते कोणालाही फुकट वाचावयास मिळतात. लंडनमधीलच ‘फीटल मेडिसिन फाउंडेशन’ ही संस्था अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात बाळाच्या मानेमागील पाणी मोजणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, आणि त्यांनी काढलेली चित्रे पुढेही तपासत राहते. एकदा पास झाला म्हणजे जन्मभर पास, असे तेथे नाही. आम्हां शिक्षकांनाही ही पद्धत लागू केली तर काय होईल, असा विचार मनात येऊन गेला, पण तो विषय आजचा नाही. आपल्या देशात ही तपासणी डॉक्टरनेच करावयाची आहे. साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला ती करावयाची झाल्यास २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण लागते. मदतनीस मुलगा यंत्र फिरवीत असेल आणि डॉक्टर नुसती सही करीत असतील, तर तेथून उठून यावे.

केंद्रात शिरल्यावर भिंतीकडे पाहावे. नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले असलेच पाहिजे. येथे गर्भलिंग सांगितले जात नाही आणि तो गुन्हा आहे, असा फलक मराठीतही असावा लागतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. कायद्याची व नियमांची एक प्रत केंद्रात ठेवणे बंधनकारक आहे आणि येणाऱ्याने मागितली तर ती वाचावयास दिली पाहिजे. विश्वसनीय माहितीचे पुस्तक त्याच खोलीत ठेवलेले असते, पण कोणी मागत नाही! तेथे एक लांबलचक फॉर्म भरून घेतात, त्याला ‘फॉर्म एफ’ म्हणतात. नाव, पत्ता, मुले किती, तपासणी कशासाठी, अशी माहिती असते. बाळाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही असे बाईने आणि ते सांगितले नाही असे डॉक्टरने लिहून द्यावयाचे असते. आपली माणसे या फॉर्मला कंटाळतात, काहींना ओळखपत्र मागितले की संशय येतो. परंतु तो फॉर्म अर्धवट ठेवणे हा डॉक्टरचाही गुन्हा ठरतो, म्हणून तो मागणारच. तो नीट भरून द्यावा. आणि जेथे फॉर्मच भरून घेत नाहीत, तेथे मात्र काळजी करावी.

हा कायदा का करावा लागला, हे बीड जिल्ह्याच्या माणसाला दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही, पण आकडे तोंडपाठ असावेत. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम असा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. एवढे होऊनही शून्य ते सहा वर्षे वयाच्या हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८०७ वर आल्या. सबंध महाराष्ट्रात सर्वांत कमी. २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एक स्त्री दगावली आणि साऱ्या देशाने आपल्या जिल्ह्याचे नाव वाचले. त्या डॉक्टर दांपत्याला बीडच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली. ‘हे आपल्यात होत नाही’ असे म्हणून हात झटकणारे मला भेटतात. सुनेचे ठोके १५२ आले म्हणून बोलणे टाकणे हे त्याच रस्त्यावरचे पहिले पाऊल नव्हे काय? कायद्याने शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग सांगण्यास मनाई आहे. जे डॉक्टरला विचारतात त्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि बाईने तपासणी केली तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडले असेच कायदा आरंभी धरून चालतो. कायद्याला आपली घरे ठाऊक आहेत, असे मला हे कलम वाचून वाटले.

शेवटी मोबाईलविषयी थोडे. पूर्वी शेजारीण सांगे ते आता व्हिडिओ सांगतो. ठोक्यांवरून मुलगा-मुलगी ओळखा, पोटाच्या आकारावरून ओळखा, असे शेकडो व्हिडिओ आहेत, आणि एक पाहिला की मोबाईल स्वतःहून दहा पुढे करतो. गर्भलिंग निवडीच्या जाहिराती इंटरनेटवर दिसतात, म्हणून डॉ. साबू जॉर्ज या कार्यकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. २०१६ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ठराविक शब्दांवरील अशा जाहिराती आपोआप अडविण्याचे न्यायालयापुढे मान्य केले. पण जाहिरात अडली तरी अज्ञान अडत नाही. आरोग्याविषयीची माहिती मोबाईलवर पाहू नये असे मी म्हणत नाही. पाहताना तीन प्रश्न विचारावेत असे मी वर्गातही शिकवितो. सांगणारा कोण आहे? त्याने कशाच्या आधारावर सांगितले? आणि त्याला आपल्याला काही विकावयाचे आहे काय? सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला हवा असेल तर १०४ क्रमांकावर फोन करता येतो. आशाताई, परिचारिका, आपल्या उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टर ही जिवंत माणसे आहेत, त्यांना प्रतिप्रश्न विचारता येतो. व्हिडिओला तो विचारता येत नाही.

दुसऱ्या टोकाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने ऐका असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्याच जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची पाहणी २०१९ मध्ये शासनाच्या समितीने केली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर अनेकींनी होकार दिला होता. अशा वेळी कागद हाती घ्यावा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा. रुग्णाने आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. अंबाजोगाईची बस दिवसभर असते, आणि दुसरे मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

संस्थेच्या परवानगीने आम्ही एक छोटे काम केले आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये नेहमी येणारे चाळीस शब्द, त्यांचा मराठी आणि उर्दू अर्थ आणि प्रत्येकापुढे ‘डॉक्टरांना काय विचारावे’ असा एक तक्ता नववीच्या मुलींनी तयार केला आहे. तो स्त्रीरोग तज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे. बाळ मुलगा की मुलगी हे सांगणारा शब्द त्यात नाही, कारण तसा शब्द रिपोर्टमध्ये नसतोच. तक्ता वाचनालयात दाराच्या उजव्या हाताला लावला आहे. शनिवारी दुपारी दोननंतर वाचनालय केवळ माता-भगिनींसाठी उघडे राहील आणि आमच्या सहशिक्षिका तेथे बसतील. ज्यांना कागद वाचून घ्यावयाचा आहे त्यांनी मागचे सर्व कागद, विशेषतः पहिला, बरोबर आणावा. पुरुष मंडळींनी आपल्या सुना-लेकींना यावयास मोकळीक द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.